एक सर्व्हर, अनेक पेढ्या

अनेक पेढ्यांची संकेतस्थळे हल्ली एकाच सर्व्हरवर नांदतात आणि महिन्याचे बिल सर्वांचे मिळून एकच येते. ते समसमान वाटून घ्यावे, असा सोयीचा प्रघात पडून जातो. दिसावयास हे बंधुभावाचे आहे. परंतु बिल वाहतुकीवर आकारले जात असेल, तर ते न्यायाचे खास नव्हे. २ मेगाबाइटचे एक चित्र महिन्यात १,००० वेळा पाहिले गेले, की तेवढ्यानेच सुमारे २ गिगाबाइट माल सर्व्हरबाहेर जातो. शेजारच्या पेढीचे दोन पानी साधे पत्रक तितक्याच वेळा वाचले गेले, तरी त्याचा भार याच्या शतांशाइतकाही होत नाही. मग त्या लहान पेढीने दुसऱ्याच्या चित्रांचे भाडे का भरावे?

वास्तविक मापाची वही सर्व्हरपाशी तयारच असते. प्रत्येक मागणीची वेळ, मागितलेली वस्तू आणि बाइटांची संख्या लॉगमध्ये ओळीने उतरत जाते. ही रोजकीर्द होय; तीवरून संकेतस्थळवार बेरीज करणे ही खतावणी. मात्र अपाची सर्व्हरच्या साध्या नोंदपद्धतीत संकेतस्थळाचे नाव नसते. सर्वांची कीर्द एकच असेल, तर ‘%व्ही’ हे चिन्ह योजून ते नाव प्रत्येक ओळीत लिहवून घ्यावे लागते. नावावाचूनची रक्कम कोणाच्या खाती मांडणार?

दुसरा प्रश्न तोलाचा. ‘%बी’ हे चिन्ह आतला माल तेवढा मोजते, वरचे बारदान सोडून देते. गिऱ्हाइकाने जोडणी मध्येच तोडली, तरी नोंद पूर्ण मालाची पडू शकते. मोठ्या अक्षरातील ‘%ओ’ प्रत्यक्ष रवाना झालेले बाइट बारदानासह मोजते. त्यासाठी ‘मॉड-लॉगआयओ’ हा भाग चालू असावा लागतो. बिल ढोबळ वजनावर येत असता खतावणी निव्वळ वजनावर ठेवणे शहाणपणाचे नाही.

इतके करूनही लॉगची बेरीज बिलाशी तंतोतंत जुळेल असे नाही, कारण टपालादी इतर वाहतूक या वहीत येत नाही. म्हणून आमचे मत असे, की रक्कम बिलाने ठरवावी आणि प्रत्येकाचा हिस्सा लॉगने. जुने लॉग ठराविक मुदतीने पुसले जातात; तेव्हा मासिक बेरीज त्यापूर्वीच करून सर्व भागीदारांपुढे ठेवावी. भागीदारीतील मने खर्चाच्या आकड्याने सहसा दुखावत नाहीत. न दाखविलेल्या हिशेबाने दुखावतात.