नव्या गाडीचा रंग खराब निघाला तर? हार घालण्याआधी हे वाचा

समजा, तुम्ही सास्तूरला राहता. घरात पहिल्यांदाच कार येणार आहे. शोरूम लातूरला किंवा सोलापूरला. मुहूर्त सकाळी अकराचा. घरचे सगळे जीपमध्ये बसून गेले, बॉनेटवर हार चढला, नारळ फुटला, पुठ्ठ्याची मोठी किल्ली हातात घेऊन फोटो झाला, स्टेटस पडलं. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी पुसताना लक्षात आलं की डाव्या मागच्या दाराचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा किंचित वेगळा दिसतोय. कडेच्या रबरावरही रंगाचे बारीक शिंतोडे आहेत.

शोरूमला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, घेऊन या, पॉलिश मारून देतो."

इथे तुमचा राग शंभर टक्के खरा असला तरी तुमची बाजू कालच्यापेक्षा कमजोर झालेली असते. असं का होतं आणि अशा वेळी काय करायचं, ते समजून घेऊ.

आधी प्रश्न : नव्या गाडीचा रंग खराब होतोच कसा?

कारखान्यातून निघालेली गाडी थेट शोरूममध्ये येत नाही. ती ट्रेलरवर किंवा रेल्वेने शेकडो किलोमीटर प्रवास करते, मग डीलरच्या यार्डात उघड्यावर उभी राहते. तिथे ऊन, पाऊस, धूळ, पक्ष्यांची विष्ठा हे सगळं असतं. गाड्या चढवता-उतरवताना आणि यार्डात मागेपुढे करताना ओरखडे पडतात, कधी दार ठोकलं जातं. मग काही वेळा तो भाग डीलरच्या वर्कशॉपमध्ये रंगवून गाडी 'नवी' म्हणून पुढे जाते.

रंगवला तर बिघडलं कुठे? फरक पडतो. कारखान्यात रंगाचे थर असतात : गंज रोखणारा खालचा थर, प्रायमर, मूळ रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट. गाडीत वायरिंग, सीट, प्लास्टिक काहीच बसवलेलं नसताना नुसता सांगाडा मोठ्या भट्टीत साधारण १४० अंशांवर भाजला जातो. तयार गाडीला वर्कशॉपमध्ये एवढी उष्णता देता येत नाही. तिथे तापमान साधारण ६० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. काम चांगलं झालं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. घाईत झालं तर काही महिन्यांत छटा बदलते, फुगे येतात, पापुद्रा सुटतो. आणि विकायला काढली की जुन्या गाड्यांचा व्यापारी पहिल्यांदा हेच विचारतो, "दार रंगवलंय ना?"

मग सरकारी यंत्रणा तपासत नाही का?

इथेच मेख आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार अधिकृत डीलरने विकलेली नवी गाडी पहिल्या नोंदणीसाठी आरटीओसमोर उभी करावी लागत नाही. नोंदणीचा अर्ज डीलरच करतो आणि नंबर पडल्याशिवाय त्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नाही, असा नियम आहे.

ग्राहकाची धावपळ वाचली, हे चांगलंच. पण याचे दोन परिणाम झाले. एक, तुमच्या आधी गाडीकडे बघणारा त्रयस्थ डोळा राहिला नाही. दोन, हार घालायच्या दिवशी गाडी कागदोपत्री तुमची झालेली असते. बिल फाटलेलं, विमा उतरवलेला, कर भरलेला, एमएच २५ ची पाटी लागलेली. त्या दिवशी तुम्ही "ही नको, दुसरी द्या" म्हणालात तर डीलरला ही गाडी पुन्हा नवी म्हणून विकता येत नाही. त्यामुळे तो ती बदलून द्यायला सहजासहजी तयार होत नाही.

म्हणजे गाडी तपासायची खरी वेळ मुहूर्ताच्या दिवशी नसतेच. ती असते नोंदणीच्या आधी, गाडी यार्डात असताना.

आणि हीच वेळ घाईत निसटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. तो दिवस घटस्थापनेचा होता. म्हणजे किंमत उतरली आणि मुहूर्तांचा हंगाम एकाच दिवशी सुरू झाला. अशा गर्दीत "गाडी मिळतेय हेच नशीब" असं वाटतं आणि यार्डात जाऊन बघायचं राहून जातं.

गोव्यातल्या ग्राहकाचं काय झालं?

या विषयातलं एक महत्त्वाचं प्रकरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं आहे. एका ग्राहकाने २०११ च्या मॉडेलचे पैसे भरले. हातात आली २००९ मध्ये बनलेली गाडी. ती ६२२ किलोमीटर चाललेली होती, खालचा भाग गंजलेला होता आणि बॉडीवर ओरखडे होते. त्याने पैसे परत मागितले किंवा नवी गाडी द्या म्हटलं. डीलरने नकार दिला. ग्राहक आयोगांनी ग्राहकाच्या बाजूने निकाल देताना डीलरसोबत टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. १८ फेब्रुवारी २०२१ ला निकाल आला आणि कंपनी सुटली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : या प्रकरणात डीलर हा कंपनीचा नोकर किंवा एजंट नव्हता. तो कंपनीकडून गाडी विकत घेऊन स्वतः पुढे विकत होता. डीलरने केलेली गडबड कंपनीला माहीत होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला जबाबदार धरता येणार नाही. ग्राहकाच्या तक्रारीत कंपनीविरुद्ध नेमका आरोपही नव्हता. डीलरची जबाबदारी मात्र कायम राहिली.

दुसरा निकाल जुना आहे, २००६ चा, मारुती उद्योगच्या गाडीचा. त्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून द्या असा आदेश देता येत नाही.

दोन्ही निकाल एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होतं. एका रंगवलेल्या दारासाठी नवी गाडी मिळणं अवघड आहे. पण "दुरुस्त केलेली गाडी मला न सांगता नवी म्हणून विकली" ही तक्रार वेगळी आहे. तो मुद्दा फसवणुकीचा, अनुचित व्यापार प्रथेचा आहे, आणि त्यासाठी भरपाई मागता येते.

लपवण्याची किंमत : अमेरिकेतला खटला

न सांगता रंगवलेल्या गाडीवरून जगात सर्वात गाजलेला खटला अमेरिकेतला आहे. १९९० मध्ये अलाबामा राज्यातल्या एका डॉक्टरने सुमारे ४१ हजार डॉलरची नवी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिन्यांनी गाडी चकाचक करायला दिली, तेव्हा कारागिराने सांगितलं की ही पुन्हा रंगवलेली आहे. चौकशीत कंपनीचं धोरणच बाहेर आलं : दुरुस्तीचा खर्च किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर डीलरलाही सांगायचं नाही. या गाडीवर खर्च झाला होता सुमारे ६०० डॉलर, म्हणजे दीड टक्का.

ज्युरीने नुकसानीचे ४ हजार डॉलर आणि दंड म्हणून ४० लाख डॉलर ठोठावले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दंड निम्म्यावर आणला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही अवाजवी ठरवला आणि शेवटी तो ५० हजार डॉलरवर आला. पण ज्युरीच्या निकालानंतर कंपनीने ते धोरण सोडून दिलं. ग्राहकासाठी खरी कमाई हीच होती.

यार्डात काय बघायचं?

नोंदणीच्या आधी डीलरकडून तुमच्या गाडीचा चेसिस नंबर घ्या आणि ती दाखवायला सांगा. दिवसाच्या उजेडात जा आणि गाडी आधी धुवायला सांगा. धुळीखाली सगळं झाकलं जातं.

• गाडीच्या लांबीला डोळा लावून तिरक्या नजरेने बघा. रंग कुठे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत, कुठे गुळगुळीत असेल तर विचारा.
• दाराच्या आतल्या कडा आणि रबर बघा. तिथे रंगाचे शिंतोडे असतील तर तो भाग बाहेर रंगवलाय.
• दार, बॉनेट, मडगार्डच्या बोल्टवर पान्याच्या खुणा आहेत का, बघा.
• रंगाची जाडी मोजणारं छोटं मीटर मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर आकडा दुप्पट आला तर पुन्हा रंग, त्याहून बराच जास्त आला तर खाली पुट्टी असण्याची शक्यता. प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही.
• किलोमीटरचा आकडा बघा आणि विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष तपासा. गोव्याचं प्रकरण इथेच पकडता आलं असतं.

काही दिसलं तर त्याच वेळी दुसरी गाडी मागा, आणि तेही लेखी, ई-मेलवर.

गाडी घरी आल्यावर लक्षात आलं तर?

पहिली गोष्ट, पॉलिश किंवा फुकट सिरॅमिक कोटिंगला लगेच हो म्हणू नका. त्याने पुरावा झाकला जातो. त्याच दिवशी फोटो आणि व्हिडिओ घ्या, डीलर आणि कंपनी दोघांनाही ई-मेल करा. दुसऱ्या अनुभवी वर्कशॉपमधून रंगाच्या जाडीचा लेखी अहवाल घ्या. दोष आधीचा होता हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते, म्हणून एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. तरीही दाद नाही मिळाली तर ग्राहक आयोग.

आणि इथे सास्तूरच्या माणसासाठी चांगली बातमी आहे. शोरूम लातूरला असो, सोलापूरला असो की पुण्याला, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवच्या जिल्हा आयोगात, तक्रार करू शकता. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते. शुल्क ५ लाखांपर्यंत शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही, अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही करता येतो. गाडी भाड्याने चालवत असाल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, तरी तुम्ही ग्राहकच आहात.

गोव्याच्या निकालातला धडा विसरू नका : डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा आणि कंपनीने नेमकं काय चुकवलं, तेही लिहा.

आणि ओरखडा तुमच्याच हातून पडला तर?

उसाच्या ट्रॅक्टरमागे खडी उडाली, बोळात भिंतीला घासली, हे दोष डीलरचे नाहीत. वॉरंटीतही बसत नाहीत. छोट्या टवक्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी हिशोब करा. पहिल्या वर्षी क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, तो जातो. झीरो डेप्रिसिएशन नसेल तर रंगाच्या साहित्यावर ५० टक्के कापले जातात, वर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला किमान १ हजार रुपये तुमच्या खिशातून. बरेचदा टच-अप करून घेणं स्वस्त पडतं. पण पत्रा उघडा दिसत असेल तर लांबणीवर टाकू नका, पावसाळ्यात गंज तिथूनच धरतो.

सास्तूरसारख्या गावात अनेकांची गाडी एका वर्षाच्या सोयाबीनवर येत नाही. त्यात कर्ज असतं, आईचे जपलेले पैसे असतात, कधी विकलेली म्हैस असते. एवढे पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर नोंदणीआधी अर्धा तास हात फिरवून बघायला लाज वाटायचं कारण नाही. सेल्समन कंटाळला तर कंटाळू द्या. मुहूर्त साधायचाच आहे, पण त्याच्या चार दिवस आधी यार्डात एक चक्कर मारून या.