शर्यतीच्या मोटारींत एंजिन कसें बसवावें ?

शर्यतीच्या मोटारींविषयीं बोलणें निघालें म्हणजे आमचे विद्यार्थी प्रथम एंजिनाची शक्ति विचारतात, मग वेग विचारतात. तें एंजिन गाडीस कशानें व किती ठिकाणीं धरिलें आहे, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. आमच्याकडील गॅरेजांतील मिस्त्री ह्या आधारांस 'फाउंडेशन' म्हणतात, आणि तो शब्द आम्हांस मोठा समर्पक वाटतो.

हा विषय आज घेण्याचें कारण असें. आमच्या शाळेंतून गेलेले कांहीं विद्यार्थी आतां इंजिनिअरिंग कॉलेजांत आहेत. तेथें विद्यार्थीच मिळून एक लहानशी शर्यतीची गाडी रचतात. कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत'सारख्या स्पर्धा अशाच गाड्यांसाठीं भरलेल्या आहेत. त्यांपैकीं एक विद्यार्थी सुटींत भेटावयास आला असतां अभिमानानें म्हणाला, "सर, आम्हीं रबर अगदीं काढून टाकलें. शर्यतीच्या गाडींत सर्व कांहीं घट्टच पाहिजे." पुढें चाचणीच्या तिसऱ्या दिवशीं त्या एंजिनाच्या कवचाचा एक कान तडकला व तेल गळून मागच्या चाकाखालीं आलें. चालविणारा मुलगा सुखरूप राहिला, ही ईश्वराची कृपा. 'घट्टच पाहिजे' ह्या वचनाविषयीं आम्हांस जें सांगावयाचें आहे, तें ह्यावरून.

घरगुती मोटारींत एंजिन रबराच्या गाद्यांवर ठेवितात. चार सिलिंडरांच्या एंजिनांत पिस्टन एकमेकांस बरेचसे तोलून धरितात, तरी फेऱ्यांच्या दुप्पट गतीचा एक कंप शिल्लक राहतोच. एका सिलिंडराच्या एंजिनांत तर तोलाची गोष्टच बोलावयास नको. हा कंप रबर गिळून टाकतें, व आंत बसलेल्या मंडळीस झोंप लागते. परंतु रबर जसें कंपास वाट देतें, तसेंच पिळासही देतें. समजा, एंजिनाचा पीळ ४०० न्यूटन-मीटर आहे, आणि पहिल्या गिअरनें तो तिप्पट झाला. गिअर-बॉक्स एंजिनास जोडलेली असल्यामुळें १,२०० न्यूटन-मीटरांचा उलट पीळ त्या दोहोंच्या आधारांवर येतो. डावा व उजवा आधार एकमेकांपासून अर्ध्या मीटरावर असले, तर एकावर २,४०० न्यूटन, म्हणजे सुमारें २४५ किलो वजनाइतका जोर वर उचलणारा, आणि दुसऱ्यावर तितकाच खालीं दाबणारा. एंजिन कुशीवर वळूं पाहतें, गिअरचा दांडा हातांतून सरकतो, आणि वळणावर दीडशें किलोंचें धूड गाडीच्या मागून क्षणभर उशिरा हलतें. शर्यतींत हा क्षण परवडत नाहीं. येथवर आमचा व त्या विद्यार्थ्याचा मतभेद नाहीं.

आतां घट्ट बसविण्याचा सर्वांत नामांकित नमुना पाहूं. ४ जून १९६७ रोजीं हॉलंडांत झान्डव्होर्ट येथील शर्यतींत कोलिन चॅपमन यांची लोटस ४९ ही गाडी प्रथम उतरली. चालकाच्या पाठीमागें ह्या गाडीस सांगाडाच नव्हता ! कीथ डकवर्थ यांनीं रचलेलें तीन लिटरांचें, आठ सिलिंडरांचें कॉसवर्थ डी. एफ्. व्ही. एंजिन चालकाच्या पाठीशीं असलेल्या भिंतीस बोल्टांनीं जोडलें होतें. एंजिनाच्या मागें गिअर-बॉक्स, आणि मागच्या चाकांचा सर्व भार ह्या दोघांवर. एंजिन हाच गाडीचा कणा झाला. त्या दिवशीं ग्रेअम हिल सर्वांच्या अग्रभागीं निघाले, पण एंजिन बिघडून थांबले; जिम क्लार्क मात्र जिंकले. पुढें १९८३ पर्यंत ह्या एंजिनानें जागतिक दर्जाच्या १५५ शर्यती जिंकिल्या. कल्पना अगदींच नवी होती असें नाहीं. विट्टोरिओ यानो यांच्या १९५४ च्या लान्सिया डी ५० गाडींत एंजिन सांगाड्याचा भाग होतें, व १९६६ सालीं लोटसनेंच बी. आर्. एम्. चें सोळा सिलिंडरांचें अवजड एंजिन ह्याच रीतीनें वापरलें होतें.

ह्या गाडीची स्तुति करणारे तिच्या घट्टपणाची स्तुति करितात. आम्हांस तिच्यांत जें आवडतें तें निराळेंच आहे. एंजिन तापलें कीं वाढतें. अर्धा मीटर रुंदीचें अल्युमिनियम ८० अंशांनीं तापलें, तर सुमारें ०.९ मिलिमीटर रुंद होतें. पाठीमागची भिंत मात्र तितकी तापत नाहीं. वरचे दोन बोल्ट सरळ आवळले असते, तर प्रत्येक शर्यतींत एंजिनानें ती भिंत फाडावयाचा, किंवा स्वतः फाटावयाचा, यत्न केला असता. म्हणून खालीं दोन बोल्ट पक्के ठेवून वरच्या बाजूस पातळ पत्र्याचे त्रिकोणी दुवे घातले. पुढें-मागें ते ताठ. आडवे मात्र किंचित् लवणारे. जगांतील सर्वांत घट्ट म्हणविणाऱ्या गाडींतही एका दिशेस जागा सोडलेली होती, ही गोष्ट आमचे विद्यार्थी चित्र पाहतांना विसरतात.

(रस्त्यावर हाच प्रकार किती सोसवतो, हें पाहावयाचें असल्यास १९९५ ची फेरारी एफ् ५० आहे. तिचें एंजिन रबरावांचून जोडलें आहे, व त्याचा कंप थेट चालकाच्या पाठींत उतरतो. श्रीमंतांची हौस !)

सरळ रेषेंत पळणाऱ्या अमेरिकन ड्रॅग गाड्यांत आणखी एक रीत आहे. एंजिनाच्या तोंडाशीं एक जाड पाट व एंजिन आणि गिअर-बॉक्स यांच्या सांध्यांत दुसरा पाट घालून दोन्ही सांगाड्यास जखडतात. भार एका कानावर न येतां पुष्कळ बोल्टांत वांटला जातो. जुना सांगाडा हातीं असणारानें हीच रीत पत्करावी, असें आमचें मत आहे. कारण एंजिनास कणा करावयाचें, तर गाडी पहिल्या रेघेपासून तशी आंखावी लागते. मात्र अर्धवट मिश्रण करूं नये. एंजिनाखालीं रबर आणि गिअर-बॉक्स तेवढी पक्की, असें केलें कीं एंजिन झुलतें, गिअर-बॉक्स झुलत नाहीं, आणि मधलें ओतीव कवच मोडतें. ही चूक आम्हीं एकाहून अधिक गाड्यांत पाहिली आहे.

आमच्या विद्यार्थ्याचें एंजिन मोटारसायकलचें, एका सिलिंडराचें होतें. त्याचा पीळ सुमारें ३५ न्यूटन-मीटर. आंतील गिअरांनीं पहिल्या गतींत तो सातपट होतो. साखळीच्या पुढल्या चक्राची त्रिज्या ३८ मिलिमीटर धरली, तर साखळीची ओढ ६,४०० न्यूटनांच्या वर, म्हणजे साडेसहाशें किलोंच्या जवळ जाते. ह्या ओढीपुढें रबर टिकावयाचें नाहीं. साखळी तिरपी होऊन उतरेल. तेव्हां रबर काढलें हें त्यानें योग्यच केलें. चूक दुसरीकडे होती. सांगाड्याची पट्टी व एंजिनाचा कान यांच्यांत वेल्डिंगच्या तापानें एक मिलिमीटर फट राहिली होती, ती त्यानें बोल्ट आवळून मिटविली. गाडी सुरू होण्यापूर्वींच तो कान वांकविलेला होता. कंपानें राहिलेलें काम केलें.

पुन्हां आला तेव्हां आम्हीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, सर्व बोल्ट सैल करून प्रत्येक हातानें आरपार जातो कीं नाहीं तें पाहावें, आणि जेथें फट दिसेल तेथें तितक्याच जाडीचा पत्रा घालून मगच आवळावें. पांच जागीं पत्रा लागला. साखळीचें मागलें चक्र ज्या पट्टीवर होतें, तीही त्यानें आतां एंजिनाच्या पट्टीशीं एकत्र जोडली आहे, त्यामुळें ती ओढ सांगाड्यांतून फिरून न येतां तेथल्या तेथें सामावते. नवें कवच विकत घ्यावयास त्यांच्या चमूला वर्गणी काढावी लागली, आणि त्यांतला मोठा वांटा त्यानें स्वतःच्या शिष्यवृत्तींतून दिला.