ऑपरेशन झाले, पण बांधणीचे काय?



आमचा विषय ऊस. परंतु गटागटांत फिरताना पिकाबरोबर माणसांचीही विचारपूस होते, आणि हल्ली एक तक्रार वारंवार कानी पडते. कुणाच्या वडिलांना लकवा मारला, कुणाच्या आईचा खुबा मोडला, कुणा तोडणी मजुराची मोळ्या वाहून कंबर गेली. योजनेतून उपचार झाले. घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले, 'फिजिओथेरपी घ्यावी'. ती घ्यायची कोठे? तालुक्याला विचारावे तर उत्तर एकच, "कार्ड इथं चालत न्हाई, रोजचे पैसे द्या." दोन-चार खेपा होतात, मग गाडीभाडे आणि फी दोन्ही परवडेनात म्हणून माणूस खाटेला खिळतो.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. २०१८ साली तिला आयुष्मान भारतची जोड मिळाली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाख करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. रक्कम मोठी आहे, यात शंका नाही. पण योजनेचा पाया रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा. घरी सोडल्यावर साधारण १० दिवसांची औषधे व फेरतपासणी त्यात धरली आहे. लकव्याच्या व्यायामाला मात्र महिनेच्या महिने लागतात. कामगारांच्या ईएसआयकडे पाहावे, तर १९४८ च्या त्या कायद्याने साखर कारखाने हंगामी म्हणून बाहेरच ठेवले.

आता शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. ऑपरेशन म्हणजे लागण, व्यायाम म्हणजे बांधणी. उत्तम बेणे लावले, खत घातले आणि भर लावायची राहिली, तर ऊस लोळतोच. लकव्यानंतरचे पहिले तीन ते सहा महिने सर्वांत मोलाचे. फुटव्याचा काळ निघून गेल्यावर कितीही गोण्या ओतल्या तरी फुटवे येत नाहीत, तसेच हेही. नंतर सुधारणा होते, पण हळू.

तेव्हा कार्ड घेणारा खासगी फिजिओथेरपिस्ट शोधत हिंडण्यात हे महिने घालवू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. तिथे कार्डाचा प्रश्नच येत नाही. आधी जिल्हा रुग्णालयातील भौतिकोपचार विभाग गाठा. उपजिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. जवळ फिजिओथेरपीचे महाविद्यालय असेल, तर त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बहुधा कमी खर्चात काम होते. योजनेच्या रुग्णालयात दाखल असतानाच आरोग्यमित्राला गाठून पुढची सोय विचारा. १५५३८८ या क्रमांकावरही माहिती मिळते. घरी सोडण्यापूर्वी व्यायाम घरच्या एका माणसाला करून दाखवायला लावा. रोज जाणे होत नसेल, तर आठवड्यातून एकदा जाऊन बाकीचे दिवस घरी करता येतात.

खासगीत जायचेच झाले, तर राज्याच्या परिषदेकडे त्या माणसाची नोंदणी आहे का, ते पाहा. मोडलेल्या हाडावर जोरात चोळणाऱ्याच्या हाती म्हातारे माणूस देऊ नका.

पण सगळा भार घरच्या माणसांवर टाकून कसे चालेल? आमचे स्पष्ट मत असे की, हे काम सहकाराने अंगावर घ्यावे. माती परीक्षण, बेणे, ठिबक हे आपण शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले. मग आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट कारखान्याच्या दवाखान्यात बसविणे अवघड नाही. एक खोली, दोन पलंग, धरून चालण्यासाठी समांतर दांड्या, आणि त्याचे मानधन. हंगामात तोडणी मजुरांनाही त्याचा उपयोग होईल. त्यांच्या कमरेवर आपले गाळप उभे आहे, हे विसरता कामा नये.

शासनाकडेही मागणी जावी : योजनेत घरी सोडल्यानंतरचे व्यायामोपचार ठराविक खेपांपुरते तरी सर्व आजारांसाठी धरावेत. वार्षिक सभेत आपण उसाच्या दरावर तासन्तास बोलतो. बोललेच पाहिजे. पण या वेळी पाच मिनिटे या विषयाला द्यावीत, आणि गटवार अशा रुग्णांची यादी करून आमच्या शेतकी कार्यालयात द्यावी. आकडा हाती असला, म्हणजे संचालक मंडळापुढे मागणी मांडणे सोपे जाते.

उभे पीक जपण्याची आपल्याला सवय आहे. उभा माणूसही जपू या, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी