स्वस्त जमीन घेण्याआधी सातबारा वाचा

डोंगरकड्यात कर्जात बुडालेल्या कुणाची जमीन पडत्या भावात निघाली की आमच्या वस्तीतल्या तरुणांनाही ती घ्यावीशी वाटते. का वाटू नये? पिढ्यानपिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्यांना आता स्वतःचा सातबारा हवाच. पुण्या-मुंबईत साठवलेल्या मजुरीतून एरवी जमीन घेणे होत नाही, हेही खरे.

पण बँकेचा बोजा, भावकीचा हिस्सा, भोगवटादार वर्ग 2ची नोंद हे सारे जमिनीबरोबर आपल्या गळ्यात पडते. वर्ग 2ची जमीन परवानगीविना घेतली तर ती सरकारजमाही होऊ शकते. विकणारा सावकार असेल तर जास्तच जपा. 2014च्या सावकारी नियमन कायद्याने बेकायदा सावकारीत बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देता येते. ते न्याय्यच आहे. तो मालक बहुधा आपल्यासारखाच नाडलेला असतो.

म्हणून फेरफार आणि बोजा तपासल्याशिवाय इसार देऊ नका. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती-नवबौद्ध कुटुंबांनी आधी दादासाहेब गायकवाड सबळीकरण योजनेतला हक्क मागावा: 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत, 100 टक्के अनुदानावर. आम्हाला जमीन हवी, पण दुसऱ्याच्या गळफासातून सुटलेली नको.