विषय बऊरला आहे
राज्यशास्त्राच्या संशोधनासह ऑनर्सला चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. लोणावळा-वडगावकडची मुलं विषय विचारायला येतात, तेव्हा त्यांच्या यादीत अमेरिकेची निवडणूक असते, संयुक्त राष्ट्रं असतात, मावळ नसतं. मी त्यांना आधी वळवणच्या धरणावर जायला सांगतो. लोणावळ्याचं पाणी घाट उतरून खोपोलीला जातं आणि १९१५ पासून त्याची वीज मुंबईला मिळते. ‘सार्वजनिक हित’ या संकल्पनेतला सार्वजनिक म्हणजे नक्की कोण, हा प्रश्न तिथं उभ्या उभ्या पडतो. शेजारच्या मुळशीत तो १९२१ साली सेनापती बापट आणि मावळ्यांनी धरणाच्या बांधकामावर बसून विचारला होता. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी त्या सत्याग्रहावर पुस्तकच लिहिलं. एखाद्या घटनेचा सखोल अभ्यास कसा करावा, हे त्यातून शिकावं. आणि मग बऊरला जावं. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पाणी नेणाऱ्या बंद जलवाहिनीविरुद्ध शेतकरी तिथं द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघे गेले. त्यात एक बाई होती. राज्यसंस्थेच्या बळाची व्याख्या मुलांना तोंडपाठ असते, पण भाताच्या खाचरात उभ्या असलेल्या म्हातारीला ‘तुमची जमीन कशात गेली?’ असं विचारायचं धाडस होत नाही. विचारा. ती आधी चहा टाकेल, मग पत्र्याच्या पेटीतून घडीवर फाटलेला सातबारा काढून तुमच्या हातात देईल.