आज्ञेचा शोधमार्ग

लिनक्सवर नवें साधन बसविलें, तरी आज्ञा वाचणारा शेल कधीं 'आज्ञा सांपडली नाहीं' म्हणतो. 'पाथ' नामक यादींतील कप्पेच तो क्रमानें धुंडाळतो व पहिलें सांपडेल तें चालवितो. साधनाचा कप्पा यादीच्या शेवटीं जोडावा. जुनी यादी पुसूं नये. १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तींत, आपण ज्या कप्प्यांत असूं तोच यादींत प्रथम असे. ही प्रथा आम्हांस त्याज्य वाटते. सामाइक 'टीएमपी' कप्प्यांत कोणी 'एलएस' नांवाचा लबाड प्रोग्राम ठेविला, आणि तेथील फायली पाहण्यास आपण तीच आज्ञा दिली, तर तो आपल्याच अधिकारानें चालून आपलें दप्तर पुसूं शकेल. म्हणून हातच्या कप्प्यांतील प्रोग्राम टिंब व तिरकी रेघ आधीं लिहूनच चालवावा. श्रम दोन अक्षरांचा. रक्षण सर्व दप्तराचें.