आधीं आडनांव कीं नांव?

गतवर्षीं शाळेच्या वक्तृत्वसभेंत एका विद्यार्थ्यानें चीनच्या अध्यक्षांचा उल्लेख 'श्रीयुत जिनपिंग' असा केला. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आमचीं वृत्तपत्रेंही पुष्कळदां तसेंच छापतात. वस्तुतः 'शी' हें त्यांचें आडनांव व 'जिनपिंग' हें आईबापांनीं ठेविलेलें नांव. चिनी रीतींत कुळाचें नांव आधीं, व्यक्तीचें मागून. आणि मानाचा शब्द आडनांवास जोडावयाचा. 'वांग लाओशी' म्हणजे वांग गुरुजी. आपणही 'देशपांडे गुरुजी' असेंच म्हणतों!

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांस तर ही रीत मुळींच परकी वाटूं नये. सिरोंचाकडील तेलुगूभाषक कुटुंबांत 'इंटिपेरु', म्हणजे घराचें नांव, आधीं घेतात. हें ठाऊक असूनही तिकडील एका मुलास आम्हीं वर्षभर घराच्या नांवानेंच हाक मारिली, कारण हजेरीपटांत तें पहिलें होतें. पुढें त्याचे वडील शाळेंत आले, आणि आम्हीं हाक मारितांच बापलेक दोघेही उठून उभे राहिले! मुलानें आमची चूक कधीं सांगितली नव्हती. गुरुजींस चुकलें म्हणणें त्यास उद्धटपणाचें वाटलें. आम्हीं शिकविलेल्या अदबीचें हें फळ आम्हांस फार बोंचलें.

याउलट सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस पाहा. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांत ते होते. आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. तेथें कोटणीसांनीं 'के दिहुआ' हें नांव धारण केलें. त्यांत 'के' हें आडनांव, अर्थात् आरंभीं. 'हुआ' म्हणजे चीन. परक्या देशीं सेवेस गेलेल्या या गृहस्थानें आपलें नांवही यजमानांच्या रीतीनें मांडून घेतलें. १९४१ मध्यें त्यांनीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला. बाईंचें आडनांव चिनी प्रथेप्रमाणें विवाहानंतरही क्वो हेंच राहिलें. पुत्राचें नांव 'इनहुआ' ठेविलें. 'इन' म्हणजे भारत. १९४२ च्या डिसेंबरांत, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, डॉक्टर तेथेंच वारले.

विलायतेंत राहणारे कित्येक चिनी लोक मात्र तिकडील चालीप्रमाणें आडनांव शेवटीं लिहितात. तेव्हां तर्क लढविण्यापेक्षां 'आपणांस काय म्हणावें?' असें सरळ विचारावें हें बरें. त्यांत विचारणाऱ्यास कमीपणा नाहीं. आम्हीं त्या मुलास अखेर विचारलें. यंदाच्या हजेरीपटांत त्याच्या खऱ्या नांवाखालीं तांबड्या शाईची रेघ आहे.